मागचं बाक

प्रवेशाच्या फॉर्मवर 'धर्म' या शब्दापुढे
बोटाच्या पेराएवढी चौकट होती.
मी लिहिलं: नाही.
मग वाटलं, हे उत्तर झालं की भांडण,
म्हणून खोडून लिहिलं: कोणताही नाही.
अक्षरं चौकटीबाहेर गेली.

मुख्याध्यापिका मिसेस हॅनिफी भली बाई.
तिच्या भावाच्या गोठ्यातलं दूध काढायचं यंत्र
दोनदा मीच दुरुस्त केलंय,
एकदा तर ऐन नाताळच्या आदल्या रात्री.
म्हणाली, कॅहल, काही अडचण नाही.
प्रार्थनेच्या वेळी म्युरन मागच्या बाकावर बसेल,
तिला रंगवायला काहीतरी देऊ.

अडचण खरंच नव्हती.
कोणी हिणवलं नाही, कोणी तोंड फिरवलं नाही.
मेयोतल्या आमच्या या गावात
तुमची गाय अडली तर लोक मध्यरात्री बूट चढवून येतात,
आणि तुम्ही चर्चला का येत नाही, हे विचारत नाहीत.
फक्त रविवारी अकराला
रस्ता इतका रिकामा होतो
की माझ्याच पावलांचा आवाज
मला चोराच्या पावलांसारखा वाटतो.

फेब्रुवारीपर्यंत रंगवायची वही संपली.
ट्रॅक्टर, कुंपणं, एक निळी मेंढी.
मग पानांच्या कोऱ्या पाठी संपल्या.
मग तिला ऐकण्यावाचून काम उरलं नाही.

वर्ग पहिल्या कबुलीच्या तयारीला लागला होता.
पुढच्या रांगेतला फिंटन एका दुपारी
पश्चात्तापाच्या प्रार्थनेत अडला,
कान लाल करून उभा राहिला,
आणि मागच्या बाकावरून, हातात मेणाचा खडू धरून,
माझ्या मुलीने त्याला पुढची ओळ सांगितली.
त्याच्या पुढचीही.
अख्खी.

मिस गिल्हूली हे मला हसत हसत सांगत होती.
मीही हसलो.
व्हॅनला किल्ली लावायला मात्र
मला दोन प्रयत्न करावे लागले.

घरी विचारलं, त्याचा अर्थ कळतो तुला?
हो. आपण काय वाईट केलं ते आठवायचं
आणि सॉरी म्हणायचं.
तू काय वाईट केलंस?
बराच वेळ चमचा वाटीत फिरवत राहिली.
म्हणाली,
मी मागे बसते.

खरं सांगतो, मला तिला माझा अविश्वासही द्यायचा नव्हता.
वाटलं होतं, एक तुकडा मोकळा सोडावा,
मोठी झाली की तिचं ती पेरेल.
शेतकऱ्याचा नातू मी, मला कळायला हवं होतं:
मोकळी सोडलेली जमीन मोकळी राहत नाही.
वाऱ्यावर येईल ते रुजतं.

आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही:
जानेवारीत तळ्याकाठच्या वळणावर
बर्फावरून व्हॅन घसरली,
तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं
ते पस्तीस वर्षांपूर्वीचं होतं,
शब्दन् शब्द जागच्या जागी,
आणि चाल माझ्या आईची.
व्हॅन कुंपणाला टेकून थांबली.
मी आभार मानले ते कुंपणाचे,
पण जरा उशिरानेच.

सोमवारी शाळेत जाऊन म्हणालो,
मागे नको. खिडकीशी बसवा, सगळ्यांच्या ओळीत.
मिसेस हॅनिफीने चष्मा काढला, पुसला.
खिडकीशी गार वारा लागतो, म्हणाली.
स्वेटर देईन, मी म्हणालो.

रात्री म्युरनने विचारलं,
झोपताना बाकीचे काहीतरी म्हणतात. आपण काय म्हणायचं?
मला काहीच सुचेना.
म्हणून मी तिला यंत्राबद्दल सांगितलं:
गाईच्या सडांना लावतो त्या पेल्यांत
ओढणारं कोणी नसतं,
आतली हवा काढून घेतात, पोकळी होते,
आणि दूध येतं.

म्हणजे 'काही नाही'ला पण जोर असतो?
असतो, मी म्हणालो. मोजताही येतो.

ती कुशीवर वळली.
मी दिवा मालवला.
पांघरुणाखाली तिचे हात जोडलेले होते की नव्हते,
ते मी पाहिलं नाही.